पाचाचा सहा

सिग्नल लागला की पुढच्या गाडीची कबुली वाचायची, ही सवय हिंगणवेल गावाला लागून दोन वर्षं झाली होती. पूर्वी लोक ट्रकमागची शेरोशायरी वाचायचे, तशीच. "मी क्रमांकाच्या जागी 'सरकार' असं लिहिलं होतं." "टोल चुकवायला मी पाटीला चिखल फासला." वर क्रमांक, खाली एक ओळ, आणि ती चाळीस दिवस पुसता येत नसे. बेकायदा पाट्या लावणारे रोख दंड भरून पुन्हा त्याच पाट्या मिरवायला लागले, तेव्हा सरकारने विजेरी शाईची ही कबुलीपाटी आणली आणि मग ती वाहतुकीच्या सगळ्याच गुन्ह्यांना लागू केली. ओळ ज्याची त्याने लिहायची आणि ती खरी आहे का, हे पडताळयंत्राने ठरवायचं. चौकाचौकांतल्या नजरखांबांनी टिपलेल्या सगळ्या नोंदी त्या यंत्राच्या पोटात होत्या. त्याला ओळ पटेपर्यंत गाडी सुरूच व्हायची नाही.

उल्हास रणपिसे सर शाळेत प्रार्थना झाली की असल्या कबुल्या मुलांना वाचून दाखवत. ते मुख्याध्यापक, शिवाय गणिताचे शिक्षक, शिवाय गावच्या रस्ताशिस्त समितीचे अध्यक्ष. आज ते स्वतःच वाहन कार्यालयात पडताळयंत्रापुढे बसले होते. खुर्ची अशी ठेवलेली की मागच्या सगळ्या रांगेला त्यांचं टक्कल दिसावं.

सकाळी चौकात हवालदाराने त्यांच्या स्कूटरच्या क्रमांकातल्या सहाला सहज नख लावून पाहिलं होतं. काळी चिकटपट्टी निघून आली आणि सहाचा पाच झाला.

"सर, हे काय वो?" एवढंच तो म्हणाला. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पट्टी नखाएवढीच होती. गाडीचा क्रमांक मिळाला होता पाच शून्य एक दोन. बेरीज आठ. आठ म्हणजे शनीचा आकडा, म्हणून मेव्हण्याने तोंड वाकडं केलं. बेरजेच्या या खुळाची सर वर्गात टिंगल करत असत. पण पहिल्याच आठवड्यात गाडी दोनदा घसरली आणि गणिताच्या शिक्षकांनी अंगणाचं दार लावून पाचाचं उघडं पोट बंद केलं. सहा शून्य एक दोन. बेरीज नऊ. आणि नऊ त्यांना लाभलाही! प्रार्थनेला उशीर होऊ नये म्हणून ते सकाळी एकेरी वाहतुकीच्या कासार गल्लीत उलटे घुसत. गल्लीच्या तोंडाशी नजरखांब होता, तरी वर्षभरात एकही नोटीस आली नाही. आकडा पावला, असंच ते समजून चालले होते.

"लिहा सर," पलीकडे बसलेली तनुजा इंगवले हळू आवाजात म्हणाली. ती इथली निरीक्षक आणि त्यांची जुनी विद्यार्थिनी. त्यांच्याकडे बघायचं ती टाळत होती.

सरांनी लिहिलं, "माझ्याकडून क्रमांकावर चुकून पट्टी लागली."

पडद्यावर अक्षरं आली : अपुरं आहे.

त्यांनी ओळ खोडून नवी लिहिली. "आठचा आकडा अशुभ वाटला म्हणून मी पाचाचा सहा केला." आपण हे लिहितोय यावर त्यांचाच विश्वास बसेना. मागे कोणीतरी हसलं.

अपुरं आहे.

"आता काय राहिलं?" सर चिडून म्हणाले.

"सर, तुमच्यामुळे दुसऱ्या कुणाला भोगावं लागलं असेल, तर तेही लिहावं लागतं." तनुजाने आपला पडदा त्यांच्याकडे वळवला. "सहा शून्य एक दोन हा क्रमांक मोकळा नव्हता. तीही पांढरी स्कूटरच आहे. गेल्या श्रावणापर्यंत कासार गल्लीतले तेवीस गुन्हे तिच्या नावावर चढले. मग तिथला खांबच बंद पडला."

नाव होतं रोहिणी लोहार. आरोग्यसेविका, टाकळी उपकेंद्र.

गेल्या श्रावणात ही बाई त्यांच्या केबिनमध्ये आली होती. "सर, त्या वेळेला मी टाकळीत कामावर असते. ही बघा हजेरी. गाडी बंद केलीय त्यांनी, अठरा दिवस लसींचा डबा खांद्याला लावून चालत जातेय. तुम्ही समितीचे अध्यक्ष, दोन ओळींचं पत्र द्या. तुमचं ऐकतील." सरांनी तिला बसा म्हटलं नव्हतं. "मग गाडी दुसऱ्या कुणाला दिली असेल तुम्ही," ते म्हणाले होते. "यंत्र खोटं कशाला बोलेल, बाई?"

"तनुजा, त्यांच्या पडताळणीची नोंद दिसते का गं?"

तिने ती काढून दिली. मी कासार गल्लीत गेलेच नाही : अपुरं आहे. मी कामावर होते, कुणालाही विचारा : अपुरं आहे. देवाशपथ सांगते : अपुरं आहे. असं अकरा वेळा. बाराव्या वेळी लिहिलं होतं, "मी तेवीस वेळा नियम मोडला. माझी मुलगी एकदाही मागे बसलेली नव्हती." समोर हिरवी खूण आणि एक शब्द : पूर्ण.

ही ओळ सरांना पाठ होती. त्यांनीच ती प्रार्थनेनंतर माइकवरून वाचली होती. नाव घेतलं नव्हतं, तेवढी सभ्यता त्यांनी पाळली होती. पण गाव लहान. सगळी शाळा मान वळवून सहावीच्या रांगेत उभ्या असलेल्या ईशा लोहारकडे बघायला लागली. दिवाळीनंतर ती पोर शाळेत आली नाही. दाखल्यावर सही करताना सरांनी कारणाचा रकानासुद्धा वाचला नव्हता.

त्यांनी लिहिलं, "मी पाचाचा सहा केला. माझे तेवीस गुन्हे रोहिणी लोहार यांना भोगावे लागले."

पूर्ण.

"झालं सर," तनुजा सुटल्यासारखी म्हणाली. "आता निघा तुम्ही."

"नाही, अजून आहे." सर लिहीतच राहिले. "त्या खरं सांगायला माझ्याकडे आल्या होत्या. मी त्यांना हाकलून दिलं आणि भर शाळेत त्यांच्या मुलीची मान खाली घालायला लावली."

यंत्र थोडं थांबलं. नोंदीत आधार नाही. वाक्य नाकारलं आहे.

"अगं, पण हे खरं आहे!"

"असेल सर. पण केबिनमध्ये खांब नव्हता ना." तनुजाने पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहिलं. "त्या अकराही वेळा या टेबलावर मीच होते. शेवटी मीच त्यांना म्हटलं, लिहून टाका ताई, सुटाल."

मग तिने उठून पाटी बसवून दिली.

टाकळी सहा किलोमीटर. वाटेत दोन ओळखीच्यांनी मागून पाटी वाचली आणि नमस्कार न करता गाडी पुढे काढली. सरांना वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. कासार गल्लीतून मात्र ते आज गेले नाहीत, लांबून वळसा घालून गेले.

उपकेंद्राच्या ओसरीवर रोहिणी लोहार बाळांची वजनं घेत होती. सरांना पाहून तिचा चेहरा आक्रसला. शेवटची बाई बाळ घेऊन गेल्यावर ती पायऱ्या उतरली, गाडीच्या मागे गेली आणि ओळ वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

"हे मनाने लिहिलंत," तिने विचारलं, "का यंत्र सोडेना म्हणून?"

"यंत्र सोडेना म्हणून." सरांनी मान खाली घातली. "मनाने लिहिलं ते त्याने घेतलं नाही. ते तोंडाने सांगायला आलोय. तुम्ही हो म्हणालात तर उद्या प्रार्थनेला माइकवरही सांगेन. ईशाला घेऊन या. मला तिची माफी मागायचीय."

रोहिणीने ओसरीवरचं स्टूल पुढे सरकवलं. "बसा," ती म्हणाली. सरांना बसवेना.

"त्या पोरीने मला तेव्हा एकच विचारलं होतं," ती म्हणाली. "आई, तू खरं बोलत होतीस तर मग खोटं का लिहिलंस? मला अजून उत्तर देता आलेलं नाही. तुम्ही मास्तर आहात. उद्या तिने तुम्हालाच विचारलं, तर काय सांगाल?"