खिडकीजवळचा रुमाल

हे माझ्यासोबत घडलंय. ऐकीव नाही. कोणी याला गोष्ट म्हटलं की मला राग येतो.

साल १९९४. संक्रांतीनंतरचा रविवार. हैदराबादहून बिदर, एका दिवसात जाऊन परत. आमच्या मराठी मंडळाची सहल मी पहिल्यांदाच ठरवली होती.

त्याआधी सगळ्या सहली पल्लवी ठरवायची. माझ्या नवऱ्याची, किशोरची पहिली बायको. ती जाऊन तीन वर्षं झाली होती, तरी मंडळात वहिनी तीच. मी नुसती योगिनी.

मला तिचा हेवा वाटायचा. मेलेल्या बाईचा.

म्हणून मी नवीकोरी व्हिडिओ कोच ठरवली. आधी किल्ला की आधी मकबरे, यावर आठवडाभर डोकं शिणवलं. किशोरना गाडी लागायची. पल्लवी त्यांना डबीतून आवळासुपारी द्यायची, हे मला दहा जणींनी ऐकवलं होतं. मी त्यांच्यासाठी गोळ्या घेतल्या.

सुलतान बाजारात बसमध्ये चढताना मंडळातल्या सावित्रीबाई म्हणाल्याच, "पल्लवीवहिनी आधी मकबरे दावायच्या, ऊन व्हायच्या आत. हौ की नाही?"

मी हसले. आतून जळत होते.

किशोरच्या शेजारी, खिडकीच्या सीटवर... पांढरा रुमाल. कोणीतरी जागा धरली होती.

"कोणाचा हो?"

"राहू दे ना," किशोर म्हणाले.

मी तो उचलला, खिडकीबाहेर टाकला आणि तिथे बसले.

सीट गरम होती.

बिदर छान झालं. संध्याकाळी सगळ्यांना बसवून मी शेवटी चढले. किशोरच्या शेजारी...

तोच रुमाल.

या वेळी हात लावायचा धीर झाला नाही. मी मागच्या सीटवर बसले.

झहिराबाद मागे पडलं. अंधारलं. व्हिडिओ बंद झाला.

टक...

डबी उघडल्याचा आवाज. पुढून.

किशोर काहीतरी चघळत होते. गोळ्या तर माझ्या पर्समध्ये होत्या.

मग त्यांना डुलकी लागली. मान खिडकीकडे कलली... आणि अधांतरी थांबली. बस खड्ड्यांतून उडत होती. मान हलली नाही.

मला भीती वाटायला हवी होती. रागच आला. माझ्या खांद्यावर ते असे कधीच झोपले नव्हते.

पुढच्या वर्षी किशोरना परदेशी कंपनीत नोकरी लागली. मी हट्टाने मारुती घ्यायला लावली. गाडीत नवऱ्याशेजारची जागा बायकोचीच असते ना.

पहिलीच फेरी गोवळकोंड्याची. सीटचं प्लास्टिकही काढलं नव्हतं. मी पुढचं दार उघडलं...

प्लास्टिकवर पांढरा रुमाल. नीट घडी घातलेला.

"योगिनी, मागे बस ना जरा," किशोर हळूच म्हणाले.

मी मागे बसले. आजही मागेच बसते. कोणी विचारलं तर सांगते, पुढे बसलं की मला गाडी लागते.

मागून मला किशोरची मान दिसते. गाडी चालवतानाही ती जराशी डावीकडे कललेली असते.