व्यासपीठावरचे अभ्रे

"ताई, एवढं परवाच्या सभेपर्यंत करून दे!" असं म्हणत धाकट्या भावानं बगलेतलं गाठोडं तिच्या शिलाई मशीनवर धप्पकन टाकलं, आणि गाठ सुटून जे बाहेर पडलं ते पाहून ताईनं मशीनचं चाक थांबवलं... फलक! तिनं स्वतः शिवलेले कापडी फलक, आणि प्रत्येकावर ठसठशीत लाल अक्षरांत 'युद्ध थांबवा'!

"काय करू यांचं?"

"खुर्च्यांना अभ्रे शीव. अध्यक्ष येणारेत. कापड चांगलं आहे, वाया कशाला घालवायचं? अक्षरं तेवढी आतल्या बाजूला घे, म्हणजे झालं."

काय हा काटकसरी पक्ष! माणसं वाया गेली तरी चालतील, कापड वाया जाता कामा नये!

जगासाठी तो पक्षाचा सेक्रेटरी होता. आई गेली तेव्हा हेच सेक्रेटरीसाहेब ताईच्या कडेवर नाक पुसत होते, आणि त्यांना वाढवायचं म्हणून तिनं चालून आलेली स्थळं परत पाठवून अख्खं तारुण्य या मशीनपुढे वाकून घालवलं होतं. मागच्या निवडणुकीत त्याच्याच शब्दावर ती हे फलक घेऊन गल्लीत दारोदार फिरली होती. "आपल्या पक्षाला मत द्या, पोरं घरी येतील," असं तिनं छातीठोकपणे सांगितलं होतं, आणि बायकांनी पक्षावर नव्हे, ताईवर विश्वास ठेवला होता. पक्ष निवडून आला, आणि खुर्च्या उबदार होतात न होतात तोच या शांतिदूतांनी युद्धाच्या बाजूनं हात वर केले! मग बेकरीवालीचा मुलगा घरी आला... पेटीतून. तेव्हापासून बेकरीवाली ताईला पाव देताना वर बघत नव्हती. तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तरी बरं वाटलं असतं, पण ती खाली घातलेली मान ताईला आतून जाळत होती.

"आणि बेकरीवालीला मी काय तोंड दाखवू रे?"

"तू पण ना, ताई! थोड्या कुरकुरतील बायका, पण मतं आपल्यालाच देणार. जाणार कुठे? पलीकडच्यांना तर याहून मोठं युद्ध हवंय!" तो हसला. "या वेळी माझं तिकीट पक्कं आहे. तू फक्त गल्लीत एक चक्कर मार."

जाणार कुठे!... ताई त्याच्याकडे बघतच राहिली. तिच्याबद्दलही त्यानं जन्मभर हेच तर गृहीत धरलं होतं!

"शिवते," ती म्हणाली. "पण खुर्च्यांवर मीच चढवीन. तुमच्या लोकांचे हात मळके असतात."

सभेच्या दिवशी तिनं अभ्रे चढवले, धूळ नको म्हणून वर चादरी टाकल्या आणि एकेक नेता बसायला पाठ वळवील तशी त्याच्या खुर्चीवरची चादर ओढून घेतली. कोणाचं लक्षसुद्धा गेलं नाही. खुर्ची मिळाल्यावर तिच्याकडे बघतो कोण? बूड टेकलं की झालं! खाली पहिल्या रांगेत गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. 'एवढं शेवटचं ऐका माझं' अशी गळ घालून ताईनंच त्यांना आणलं होतं, आणि भाऊ त्यावर बेहद्द खूश होता.

अध्यक्ष खुर्चीत बसूनच माइकमधून बराच वेळ गरजले. ज्यांच्या घरातलं मांजरसुद्धा कधी युद्धाच्या आघाडीवर गेलं नव्हतं, ते बलिदानाची महती सांगत होते! शेवटी त्यांनी हात उंचावले, "आपल्या वीरांसाठी सगळ्यांनी उभं राहून टाळ्या!"

व्यासपीठावरची सगळी मंडळी उभी राहिली... आणि त्यांच्यामागे प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर ती लाल अक्षरं उघडी पडली!

टाळी एकही वाजली नाही. बेकरीवाली सावकाश उठली आणि तिनं मोठ्यानं वाचलं, "युद्ध... थांबवा." मग तिनं मान वर केली आणि कोपऱ्यात चादरी छातीशी धरून उभ्या असलेल्या ताईकडे पाहिलं. किती दिवसांनी पाहिलं!

नेत्यांनी मागे वळून बघितलं, आणि मग जी काय धांदल उडाली! आपापल्या पाठीनं अक्षरं झाकायला सगळे धपाधप खाली बसले. एकटा भाऊ उभा राहिला. अभ्र्याच्या कडेची दुहेरी शिवण त्याच्या ओळखीची होती, त्याचं शाळेचं पहिलं दप्तर तिनं अशीच शिवण घालून शिवलं होतं.

"बसा हो! झाका ते!" अध्यक्ष खेकसले.

"नाही बसणार," तो म्हणाला. "माझ्या ताईनं शिवलंय ते."

संध्याकाळी तो दारात आला तेव्हा त्याच्या हातात तो अभ्रा होता.

"ताई, तिकीट गेलं. पद पण."

तिनं तोंडावर हात ठेवला. "जन्मभर जे शिवलं, ते मीच उसवलं रे!..." आणि तिला हुंदका आवरेना.

"मी म्हणालो होतो, जाणार कुठे... तुलासुद्धा मी त्यातच धरलं होतं गं!" तो तिच्या पायाशी बसून लहानपणीसारखा रडला. मग म्हणाला, "बेकरीवालीकडे जायचंय. एकट्याचा धीर होत नाही. येशील?"

"जाऊन काय सांगशील?"

"सांगायला काय आहे? मान खाली घालून उभा राहीन. आता माझी पाळी."

ताईनं डोळे पुसले, दिवा मालवला आणि ती चपला शोधू लागली.