दह्याला नाही म्हटलं होतं

आमची पहिली भेट तीन बादल्या पाण्यावरून झाली.

मारेगावच्या एका कापूस खरेदी केंद्रावर मी ग्रेडर होते. गाडी आली की कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातून मूठभर ओढायचा, चिमटीत धागा ताणायचा आणि प्रत सांगायची. ओलावा मोजायचं यंत्र टेबलावर होतं, पण ते माझ्या बोटांना विचारून आकडा दाखवतं, अशी केंद्रात समजूत होती. ती वर्षं भाव खाली आणि खर्च वर अशी होती. वजन वाढावं म्हणून गाडीवर थोडं पाणी मारणं याला कोणी लबाडी म्हणत नसे. पाहुणचार म्हणत.

त्या दिवशी बैलगाडीशेजारी निळ्या शर्टातले एक गृहस्थ उभे होते. पूनमसिंग राठोड, तांड्यावरचे. जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी आणि उरलेल्या वेळात सहा एकरांचे शेतकरी.

"तळचा ओला आहे," मी कापसाकडे बघून म्हणाले. माणसाच्या डोळ्यांत पाहून बोलणं मला जमत नाही. डोळे सारखे हलतात. कापूस हलत नाही.

"दव असन, मॅडम."

"दव वरून पडते."

गुरुजींनी गाडीच्या तळाकडे पाहिलं. "दोन बादल्या," म्हणाले.

"तीन."

"तिसरी अर्धीच होती... बरं, तीन." आणि हसले.

पकडला गेल्यावर हसणारा हा माझ्या नोकरीतला पहिला माणूस. बाकीचे पुढाऱ्याचं नाव घेत.

गाडी परत गेली. चार दिवसांनी तोच कापूस वाळून आला, पास झाला, प्रकरण संपलं. पण गुरुजी संपले नाहीत. दर बुधवारी शाळा सुटली की पिशवीत मूठभर कापूस घेऊन हजर — नमुना दाखवायला.

"हा मागच्याच झाडाचा आहे," मी म्हणायचे.

"वळखू येते?"

"येते."

"अन् माणूस?"

"माणसाले धागा नसते."

ते इतके हसले की चहा बशीत सांडला. मी तर फक्त माहिती दिली होती. मला हसणारे लोक मला नवे नव्हते. पण यांच्या हसण्यात माझ्यासाठीही एक खुर्ची मांडलेली असायची.

हंगाम संपला, केंद्राला कुलूप लागलं, तरी बुधवार चालू राहिला. आता मी राहायचे त्या भावाच्या घरी, वहिनीच्या ओट्यावर. कधी बोरं, कधी काकड्या, कधी नुसतेच गुरुजी.

मी तेव्हा एकेचाळीस वर्षांची होते. सात स्थळं येऊन गेली होती. त्यातल्या एकाने "मी कसा वाटलो?" असं विचारलं, म्हणून मी त्याचं नाक डावीकडे वळलेलं असल्याचं सांगितलं. गाव मला घमंडी म्हणायचं. वहिनी शिकलेली होती, ती 'वेगळी' म्हणायची. बँडचा आवाज मला दातांत ऐकू येतो. कोणी अचानक हात लावला तर चटका बसतो. आणि दही बोटाला लागलं, तर दिवसभर तो हात माझा राहत नाही. हे सगळं असंच असतं, फक्त बाकीच्यांना सहन करता येतं आणि मी कमी पडते, अशी माझी पक्की समजूत होती.

दुसऱ्या वर्षी, केंद्र नुकतंच उघडलं असताना, गुरुजी आले. त्या दिवशी पिशवी रिकामी होती.

"पहिली वेचणी हाये," ते म्हणाले. "सीतादही कराचं हाये."

आमच्याकडे वेचणी सुरू करण्याआधी घरची बाई वावरात दहीभात ठेवून पूजा करते. त्याशिवाय पहिलं बोंड कोणी तोडत नाही.

"याडी, म्हंजे माही माय, करत होती. तिचे गुडघे गेले. अन् बायकोले जाऊन सहा वर्षं झाले... घरची बाई लागते, मॅडम." त्यांनी पिशवीची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. "तुम्ही येसान का? दही ठेवाले?"

"नाही," मी म्हणाले. "मले दही चालत नाही."

"बरं," गुरुजी म्हणाले आणि पिशवी विसरून गेले.

पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तांड्यावरून येणारे गाडीवाले सांगत, गुरुजींचं वावर पांढरंफेक झालंय, वर आभाळ भरून राह्यलं, वेचणाऱ्या बाया दुसरीकडे चालल्या, पण हा माणूस म्हणतो की दही ठेवाचं राह्यलं. मला वाटलं, एवढा शिकलेला माणूस, कोणाकडून तरी ठेवून घ्यावं की.

पण त्या आठवड्यात मी एका गाडीची प्रत चुकीची सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा. बोटं कापसात होती आणि लक्ष फाटकाकडे.

तिसऱ्या बुधवारी ते आले. हातात पिना मारलेलं पातळसं पुस्तक.

"यवतमाळले ट्रेनिंग होतं," ते कापसाच्या ढिगाकडे बघत म्हणाले. "वर्गातली अशी लेकरं कशी वळखावी, त्याचं. वाचा. राग आला तं फेकून मारजा."

पुस्तकावर लिहिलं होतं — ऑटिझम, स्वमग्नता. मी उभ्यानेच वाचलं. बोलण्याचा शब्दशः अर्थ घेणे. नजर टाळणे. स्पर्श, आवाज, काही पदार्थ असह्य होणे. एका विषयात खोल रमणे. माझ्या एकेचाळीस वर्षांची कोणीतरी मला न विचारता छपाई केली होती. डोळे भरून आले. आणि मग रागच आला.

"म्हणजे वर्षभर तुम्ही माझा अभ्यास करून राह्यले होते?"

"नाही जी. पुस्तक परवा भेटलं. वर्षभर मी नुसता चहा पेत होतो."

"मग हे कायले आणलं?"

"एक विचाराचं हाये." हातातल्या कापसाची त्यांनी वात करून टाकली होती. "तुम्ही दह्याले नाही म्हणल्या... का मले?"

"दह्याले," मी म्हणाले. "तुमचा विषय निघालाच कुठं होता?"

गुरुजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. खांदे हलत होते. हसताहेत की रडताहेत, हे मला कळेना. पुस्तकात तेही होतं.

"मॅडम," ते हातांआडून म्हणाले, "घरची बाई म्हणलो होतो मी. घरची."

मी ते वाक्य पुन्हा पहिल्यापासून तपासलं. हो, होतं त्यात. तळाशी.

"असं तळाशी ठेवायचं नाही," मी म्हणाले. "वर ठेवायचं. दिसलं पाहिजे."

"वर ठेवतो. कोकिळाबाई, माझ्याशी लग्न करसान?"

"हो. पण हे खरंच असलं तर?" मी पुस्तक पुढे केलं.

"मी डॉक्टर थोडाच हावो? नागपूरले जाऊ, दाखवू. असन तं असन. नसन, तरी तुम्ही अशाच राहसान ना?"

"अशीच."

"मंग झालं."

शुक्रवारी त्यांच्या वावरात मी दहीभात ठेवला, लांब दांड्याच्या चमच्याने. वेचणाऱ्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. बांधावर बसलेल्या त्यांच्या याडीने, भुरीबाईने, सगळ्यांना गप्प केलं. "चमच्यानं ठेवलं म्हून बोंड का उलटं लागते? येचाले लागा तुम्ही."

बाया पांगल्या. गुरुजी जवळ आले आणि हात पुढे करून थांबले. "धरू का?" त्यांनी विचारलं. आजवर हे मला कोणी विचारलं नव्हतं. लोक सरळ धरत.

मीच धरला. अंगठ्याने तळवा चाचपला. खडूची भुकटी, नांगराचे घट्टे, आणि...

"ओला आहे," मी म्हणाले.

"दव असन," ते म्हणाले.

दुपारचे बारा वाजले होते, डोक्यावर रखरखीत ऊन होतं. नोकरीत पहिल्यांदाच मी ओला माल पास केला.