मुकी केलेली सूज

चंद्रावरच्या वैनतेय तळाच्या प्रयोगशाळेत डॉ. शलाका बेंद्रे हाताची घडी घालून उभ्या होत्या. समोर तळप्रमुख केळुसकर, हातात दाण्याचा लाडू; दारात तळावरची बाकीची माणसं जमलेली. तळाच्या हरितगृहात भुईमूग भरघोस येई, त्यामुळे भाजीपासून कोशिंबिरीपर्यंत सगळ्यात कूट. शलाकाताईंना दाणे चालत नसत. त्या आपला डबा वेगळा ठेवत आणि सगळा तळ त्यावरून त्यांची टर उडवी.

"उद्या यान सुटतंय," केळुसकर म्हणाले. "आज शामक बसवून घ्या, नाहीतर पृथ्वीवर परत जा. इथे कुणाला सूज नाही, खाज नाही, शिंक नाही. हट्ट काय तो तुमचाच!"

शामक म्हणजे मनगटात बसवलेलं सूजरोधक यंत्र. शरीराने जरा कुठे लढाई मांडली, की ते तिला गप्प करी. ताईंना ही असली शांतता मुळीच मान्य नव्हती.

"सूज हा रोग नव्हे, साहेब. काटा रुतला की रक्त तिकडे धावतं. जागा लाल होते, ठणकते. ही शरीराची राखण आहे."

"आणि दाण्याने तुमचा घसा सुजतो, ती कसली राखण?"

"ती चुकलेली, कबूल. पण कुत्रा पाहुण्याला चावला म्हणून घर उघडं टाकायचं का? आणि ही चूक दोन टप्प्यांत होते. आधी शरीर दाण्याला शत्रू समजून प्रतिपिंडं बनवतं, ती पेशींवर जाऊन बसतात. तेव्हा काहीच जाणवत नाही. पुन्हा दाणा आला की त्या पेशी आतलं रसायन ओततात आणि घसा सुजतो. तुमचा शामक फक्त दुसरा टप्पा अडवतो, पहिला नाही. इथली धूळ सगळ्यांच्या श्वासनलिका खरवडतेय, वर हवेत कूट उडतंय. किती जण माझ्यासारखे झालेत, कुणाला ठाऊक? रक्त तपासू द्या."

"आमच्या घराण्यात दाणे कुणाला बाधले नाहीत!" केळुसकर हसले. सगळ्यांदेखत त्यांनी शामक बंद केला आणि लाडू तोंडात टाकला.

"थुंका!" शलाकाताई ओरडल्या. पण लाडू गिळून झाला होता.

बघता बघता केळुसकरांचे ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास घरघरू लागला. कुणीतरी शामक चालू करायला धावलं.

"आता उपयोग नाही, रसायन बाहेर पडलंय!" ताईंनी स्वतःसाठी बाळगलेलं अॅड्रेनालिनचं इंजेक्शन त्यांच्या मांडीत खुपसलं.

हळूहळू घरघर ओसरली. केळुसकरांनी कसंबसं विचारलं, "अशी इंजेक्शनं आणखी किती आहेत?"

"एकही नाही. भांडारातली तुम्हीच परत पाठवलीत, इथे कुणाला लागतात म्हणून."

दारात जमलेल्यांपैकी प्रत्येकाने आपापल्या मनगटाकडे पाहिलं. शामकाला हात लावायचं धाडस कुणाला होईना.

"बाई... उद्या जाऊ नका," केळुसकर म्हणाले.

"जाणार होतं कोण?" शलाकाताईंनी रक्त काढायची सुई उघडली. "चला, रांगेत या. आणि आता कुणी नाही म्हणून दाखवा!"