परतीची तार

लखनौच्या निशातगंजात थोडाफार शॉक ज्याच्या त्याच्या घरात बसतो. कूलरला हात लावायच्या आधी लोक पायात चप्पल सरकवतात आणि पुढे जातात. आमच्याही घरात बसायचा. त्यात विशेष काय, असंच आम्हाला तीन वर्षं वाटत होतं.

आम्ही मूळचे मिरजेचे. बाबा रेल्वेत इंजिनियर. गाडीच्या डोक्यावरून पंचवीस हजार व्होल्टची जी तार जाते, ती सांभाळणारं त्यांचं खातं. बदली होऊन लखनौला आलो आणि क्वार्टर मिळेपर्यंत म्हणून निगम अंकलचं हे घर भाड्यानं घेतलं. घर अर्धं आहे. खरंच अर्धं. अंकलच्या वडिलांनी आणि काकांनी वाटणी केली तेव्हा मधोमध भिंत चढवली. त्यामुळे आमच्या जेवणाच्या खोलीत एक कमान अर्ध्यावरच भिंतीत घुसते. उरलेली अर्धी कमान काकांच्या वाट्याला गेली. त्यांचं घर दोन वर्षांपूर्वी पाडलं. आता तिथे रिकामा प्लॉट आहे: विटांचा ढीग, एरंडाची झुडपं आणि कुणाचीतरी बांधलेली शेळी.

फेब्रुवारीत शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझा पहिला नंबर आला. विषय होता घरातलं वायरिंग. आठवीपर्यंत मी हजेरीला 'प्रेझेंट' म्हणतानाही घाबरायचे, माझी हिंदी ऐकून पोरी हसायच्या. तीच मी माइक हातात घेऊन अकरा मिनिटं बोलले. हिंदीत! शेवटी टाळ्या. त्यानंतर यार, मला थांबवणं कुणाला जमलं नाही. बाबांनी बक्षीस म्हणून त्यांचा क्लॅम्प मीटर दिला. चिमट्यासारखा असतो. तारेभोवती मिटवला की तार न कापता आत किती करंट वाहतोय तो आकडा अँपिअरमध्ये दाखवतो. मी दिसेल त्या तारेला चिमटा लावत सुटले. आई म्हणायची, "नेत्रे, आता मला लावून बघू नकोस म्हणजे झालं."

जूनमध्ये एका सकाळी अनिकेत आंघोळ करून ओलाच फ्रिजकडे गेला. तो सहा वर्षांचा आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देतो. मी वळून पाहिलं तर त्याचा हात दांडीला चिकटलेला होता आणि तोंड उघडं, पण आवाज नाही. मग तो मागे फेकला गेला. ओठ फाटला.

"ताई," तो रडता रडता म्हणाला, "फ्रिज काटता है."

आईनं त्याला मांडीवर घेतलं आणि बाबांकडे पाहिलं. "अहो, अख्ख्या रेल्वेला करंट पुरवता ना तुम्ही? घरात पोरगं जायची वेळ आली."

बाबा उठून मीटरपाशी गेले. त्यांनी मेन स्विच पाडला. सगळे पंखे थांबले. टेस्टर फ्रिजला लावला तर तो अजूनही मिणमिणत होता.

हे कसं, ते मला माहीत होतं. जुन्या घरात अर्थिंग नसतं, तेव्हा मिस्त्री फ्रिजच्या अंगाला जाणारी अर्थची पिन, कधी नळाचा पाइपही, गुपचूप न्यूट्रलला जोडून देतात. न्यूट्रल म्हणजे परतीची तार. वापरून झालेला करंट तिच्यातून खांबाकडे परत जातो. आमचा जुना मेन फक्त जाणारी तार, म्हणजे फेज, तोडायचा, परतीची तशीच राहायची. तरीही, आम्ही काहीच पाठवलं नव्हतं. मग परत काय येत होतं?

मी परतीच्या तारेला चिमटा लावला. १.४.

"कुणाचातरी करंट आपल्या तारेतून परत येतोय," बाबा म्हणाले. "घर एक होतं तेव्हाची सामायिक न्यूट्रल. शोधू."

आम्ही तार धरून मागे मागे गेलो. ती मीटरपासून जेवणाच्या खोलीत आली, लाकडी पट्टीवरून सरकत गेली आणि अर्ध्या कमानीशी भिंतीत शिरली. पलीकडे प्लॉट होता. मी धावत जाऊन पाहून आले. विटा, एरंड, शेळी.

शब्बन भाई या गल्लीचे जुने मिस्त्री. त्यांनी आकडा पाहिला, भिंत पाहिली आणि दोन्ही हात खिशात घातले. "बिटिया, बँटवारे में दीवार उठी, बर्तन बँटे, तार किसी ने नहीं बाँटा. हम इसे हाथ नहीं लगाएँगे. निगम साहब से कहिए."

निगम अंकल मलिहाबादच्या बागेत होते. दशहरी आंबे उतरवायचे दिवस. फोनवर म्हणाले, "हाँ हाँ, आम निपट जाए तो आते हैं." त्या दिवसापासून फ्रिज बंद, अनिकेतला चप्पल सक्तीची, आणि आई नळ सोडतानासुद्धा हाताला फडकं गुंडाळायची.

मी मात्र खूश होते. हे लिहितानाही लाज वाटते, पण होते. सुट्टी होती, हातात मीटर होता आणि भिंतीत एक कोडं. दर पंधरा मिनिटांनी मेन पाडून मी आकडा लिहायचे. आई ओरडायची, पंखा बंद पडला की सगळ्यांना घाम फुटायचा. चार दिवसांत तक्ता तयार झाला. पहाटे साडेपाचला ०.२, म्हणजे ट्यूबलाइट. सहाला पंखा. नऊच्या सुमाराला आकडा एकदम उडी मारायचा, पाणी तापवायचा रॉड असणार, जूनमध्येही! मग इस्त्री. दुपारी एक ते दोन शून्य, अगदी शून्य. रविवारी सगळं तासभर उशिरा. म्हणजे 'पलीकडचे' रविवारी उशिरा उठतात! मी जेवताना हे सांगितलं तेव्हा बाबा हसले, आई हसली नाही.

एकदा दुपारी अख्ख्या गल्लीची लाइट गेली. ट्रान्सफॉर्मर उडाला होता, लोक बाहेर येऊन शिव्या देत होते. मी आत येऊन पाहिलं. १.४.

"कुणाचा इन्व्हर्टर असेल," बाबा म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "असणारच."

आणखी एक गोष्ट. एका सकाळी नऊ वाजून गेले तरी रॉडची उडी आली नाही. मी तक्त्यावर पेन टेकवून सहज म्हणाले, "आज उशीर केला हं तुम्ही."

आकडा लगेच वर गेला.

मी ते तक्त्यात लिहिलं नाही.

अनिकेत दुसऱ्यांदा पडला तो नळापाशी. अर्धा मिनिट तो डोळे उघडेना. संध्याकाळी बाबा म्हणाले, "बस झालं. ती तार मीच सोडवतो."

"शब्बन भाई नको म्हणाले," मी म्हटलं.

"शब्बन भाई घाबरतात. मी पंचवीस वर्षं रुळांवर चालतोय. गाडीचा परतीचा करंट रुळांतूनच जातो, माहितेय ना? त्यावर पाय देऊन आम्ही डबा खातो. परतीच्या करंटला कुणी भितं का?"

रूळ जमिनीवर टेकलेले असतात. तार टेकलेली नसते. ती तोडली की तोडलेलं टोक फेजइतकंच जिवंत होतं, पलीकडे एक जरी बटण चालू असेल तर. हे मला माहीत होतं. प्रदर्शनातल्या माझ्याच तक्त्यावर लाल अक्षरात होतं. पण बाबा बाबा होते, आणि माझ्याकडे एक ते दोन शून्य होतं.

रेल्वेत तारेला हात लावायच्या आधी लेखी परवाना घेतात, त्याला ब्लॉक म्हणतात. इतके ते इतके वाजेपर्यंत तार मृत आहे, असं कंट्रोलर लिहून देतो, आणि तरीही कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थ रॉडनं तार जमिनीला जोडतात. बाबा गमतीनं म्हणाले, "चला मॅडम, ब्लॉक द्या." मी वहीचं पान फाडलं आणि ऐटीत लिहिलं: ब्लॉक, १३:०० ते १४:००. ठिकाण, कमानीची भिंत. लाइन मृत आहे. सही, नेत्रा हणमंत कुलकर्णी.

बाबांनी वाचलं. "आणि दोन्ही बाजूंना अर्थ रॉड? नियम आहे."

"त्या बाजूला कोण लावणार?" मी म्हटलं.

आम्ही दोघं हसलो.

दुसऱ्या दिवशी आई अनिकेतला घेऊन बाजारात गेली. एकला पाच मिनिटं असताना मी मेन पाडला. एक वाजता आकडा शून्य झाला. एक वाजून दहा, शून्य. बाबा स्टुलावर चढले, टेप सोडली, सांधा पिळून उघडला. एका हातात भिंतीतलं टोक, दुसऱ्यात खांबाकडचं.

"बघ," ते म्हणाले, "काही नाही."

पलीकडे खट् असा आवाज झाला.

बाबा बोलायचे थांबले.

त्यांचे दोन्ही हात मिटले होते. दात दिसत होते. स्टूल थरथरत होतं. मी अनिकेतची बॅट उचलली आणि मनगटावर मारली, एकदा, दोनदा, जोरात. मूठ सुटेना. स्टूल ओढलं. ते तारेला धरून लटकले, पाय जमिनीला लागले, तरी सुटेना.

मेन बंदच होता. बंद करायला घरात काहीच उरलं नव्हतं.

बटण पलीकडे होतं.

मी धावले. प्लॉटमध्ये घुसले, विटांवर गुडघा फुटला. समोर आमच्या भिंतीची मागची बाजू, उघड्या विटा, त्यावर उलट्या अंगानं उमटलेली अर्धी कमान. आणि मोकळं ऊन. मी त्या उन्हात उभी राहून ओरडले, मराठीत, "बंद करा! अहो बंद करा! सगळं बंद करा!"

शेळीनं चघळणं थांबवलं.

खट्. भिंतीजवळ.

खट्. जरा लांब, एरंडापाशी.

खट्. खट्. कुणीतरी खोल्याखोल्यांतून चालत एकेक बटण पाडत होतं. घाई नव्हती.

शेवटचं वरून आलं, जिथे जिना असता तिथून.

मी परत आले तेव्हा बाबा खाली पडले होते. तळवे उघडे. मी छातीवर दाबत राहिले, शाळेत शिकवलं होतं तसं, तीस आणि दोन, तीस आणि दोन. आई आली, गल्ली आली. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नुसती मान हलवली.

वीज निरीक्षक आले. त्यांच्यासमोर शब्बन भाईंनी भिंत फोडली. तार नऊ इंच आत जाऊन संपत होती. टोक हिरवं पडलेलं, त्यावर जुनी कापडी टेप. "ये तो कहीं जुड़ा ही नहीं है," निरीक्षक म्हणाले. मग त्यांना माझं पान सापडलं. "ये किसने लिखा?"

मी सांगितलं. त्यांनी पान घडी करून फाइलमध्ये ठेवलं. आई भिंतीकडे बघत होती. तेव्हापासून ती माझ्याशी बोलते, पण नाव घेत नाही.

त्यानंतर आकडा शून्य राहिला. पहाटे शून्य, नऊला शून्य. तेराव्यापर्यंत मी रोज लावून पाहिला. पलीकडे सगळं बंद होतं. मी सांगितलं होतं तसं.

तेरावं झाल्यावर, माझे काका मिरजेला परत गेल्यावर, मी भरदुपारी प्लॉटमध्ये गेले. आता ओरडायला होत नव्हतं. मी हळूच म्हटलं, "चालू करा. जे बंद केलंत ते सगळं."

काही ऐकू आलं नाही. मी बराच वेळ उभी होते.

घरी आले. भिंतीतून बाहेर लोंबणाऱ्या तारेला मीटर लावला. तार दोन्हीकडून तुटलेली आहे. तुटलेल्या तारेत करंट वाहत नाही. हे मी स्टेजवरून सांगितलं होतं.

०.१.

०.०.

०.१.

०.०.

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला बहात्तर. छातीवर दाबताना मी बाबांच्या मनगटात हेच ठोके शोधत होते.

चार दिवस मी शाळेतून आल्या आल्या तिथे बसते. कुणाला सांगितलेलं नाही. आईला काय सांगू? अनिकेत एकदा जवळ येऊन बसला, आकडा बघत राहिला आणि काही न विचारता त्यानं माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

काल निगम अंकल मलिहाबादहून आले. आईनं त्यांना सांगितलं, ती तार मुळापासून उपटून काढा, माझ्या पोरांच्या डोळ्यांसमोर ती राहायला नको. आज सकाळी शब्बन भाई आले. मी म्हटलं, राहू द्या, प्लीज, राहू द्या. ते म्हणाले, "बिटिया, माँ का हुक्म है."

मीटर लावलेलाच होता. बहात्तर.

त्यांनी शिडी भिंतीला टेकवली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. आकडा भराभर बदलायला लागला. मी मोजलं. एकशे अठरा.