छत्तीसच्या खालचा सूर

तो डबा जरा हळू करा रे. बंद नका करू, गाणं चालू दे. फक्त खालची घुमघुम तेवढी कमी करा... हां. आता कसं माणसाचं बोलणं ऐकू येतंय.

का म्हणून विचारताय? सांगतो. पण एक अट आहे. मध्येच कुणाला खाली जायचं असेल तर आत्ताच जाऊन या. नंतर जिन्यापर्यंत सोबत मागाल, आणि माझे गुडघे दुखतात.

माझी भाची तुम्ही पाहिली आहे. थोरल्या बहिणीची मुलगी. दवाखान्यात कान तपासते. म्हणजे समोरच्याला हेडफोन लावायचा, बारीक सूर वाजवायचा आणि म्हणायचं, 'ऐकू आलं की बोट वर करा.' तिथली लहान मुलं तिला टिंगताई म्हणतात, म्हणून आम्हीही टिंगी म्हणतो. दिवसभर लोकांना बारीक सूर ऐकवायचे आणि संध्याकाळी घरी येऊन जाडे सूर बनवायचे, असा तिचा उद्योग. लॅपटॉपवर ती नाचाचं संगीत करायला शिकत होती. वय पस्तीस. माझी बहीण म्हणायची, "या वयात बायका गुडघ्यांना तेल लावतात, आणि ही भिंती हलवतेय."

शिकवणारा माणूस तिनं प्रत्यक्ष कधी पाहिला नव्हता. पडद्यावरच भेटायचा. ती त्याला मास्तर म्हणायची. मास्तर फक्त बेस, म्हणजे गाण्याचा खालचा जाडा सूर, शिकवायचा. तयार आवाज वापरायचा नाही, रोज एक नवा बेस कोऱ्या लाटेपासून बनवायचा, असा त्याचा दंडक. आधी गुळगुळीत लाट घ्यायची. मग तिला थोडी खरखर द्यायची, म्हणजे ती कानाला जाणवते. मग फिल्टरच्या चाळणीतून गाळायची. सूर उगवतो कसा, मावळतो कसा, ते ठरवायचं. आणि तो सांगायचा, "बेस कानानं नाही, बरगड्यांनी जोखायचा." हे मला पटलं. चाळीस वर्षं मी स्पीकर दुरुस्त केले, पण इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं.

बावीस नोव्हेंबरला तिला एका हॉलमध्ये अर्धा तास मिळाला होता. पहिल्यांदाच. स्वतःची गाणी, समोर सात-आठशे माणसं. त्यासाठी तिनं जुनी खोली सोडली, कारण तिथे भिंतीपलीकडचं बाळ झोपेना. नवी जागा एका शिंप्याच्या घरावर होती. खाली कारखाना, त्याच्यामागे शिंपी आणि त्याची बायको राहायची, वर ही एकटी. वरच्या मजल्याची जमीन लाकडी फळ्यांची. शिंपी म्हणाला होता, "दहापर्यंत खुशाल वाजवा. माझ्या मशिनींपुढे तुमचं काय!"

तेरा नोव्हेंबर. गुरुवार. संध्याकाळी तिचा फोन आला, "मामा, सबवूफर बिघडलाय बहुतेक. येऊन बघतोस?" सबवूफर म्हणजे नुसता बेस काढणारा मोठा डबा. मी हत्यारांची पिशवी घेतली आणि निघालो. पोचलो तेव्हा पावणेनऊ झाले होते.

दार उघडून ती परत खुर्चीत जाऊन बसली. पाय वर घेऊन. चहा विचारला नाही. ही चहा विचारत नाही म्हणजे काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळतं. जमिनीवर पिवळ्या चिकटपट्ट्या होत्या. पाच. दारापासून खुर्चीच्या दिशेनं, एका ओळीत.

"हे काय गं?"

"खड्डे."

आता हे तुम्हाला सांगायला हवं. प्रत्येक खोलीत एखादी जागा अशी असते की तिथे बेस नाहीसा होतो. आवाज भिंतीवर आपटून परत येतो, येणारी लाट आणि जाणारी लाट एकमेकींना खाऊन टाकतात. त्या जागेला आम्ही खड्डा म्हणतो. यात भुताखेताचं काही नाही. मास्तरनं तिला सांगितलं होतं, सेकंदाला छत्तीस कंपनांचा सूर लाव, खोलीभर फिर, खड्डा शोध, खूण कर आणि तिथे खुर्ची ठेवू नकोस.

"मग पाच कसे?"

"एकच आहे, मामा. सरकतोय."

मी वाकून पाहिलं. पट्ट्यांवर पेनानं तारखा होत्या. आठ, नऊ, दहा, अकरा, बारा. आठ दाराशी. बारा खोलीच्या मध्यावर.

"सूर बदलला असशील."

"तोच सूर. तोच आवाज. खुर्चीसुद्धा हलवली नाही." मग म्हणाली, "दोन पट्ट्यांमधलं अंतर बघ."

पाहिलं. एका पावलाचं अंतर होतं.

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं वायर उलटी लागली असेल, भाचीचं डोकं बेसनं हललंय. डबा उघडला. कॉइल ठीक, पडदा ठीक, वायरी जिथल्या तिथे. परत बंद केला.

"लाव तुझा छत्तीस."

तिनं लावला. तो सूर ऐकू येत नाही, भरून येतो. खिडकीची काच थरथरली. मी दारापासून चालायला लागलो. पोटात घुमतंय, बरगड्यांत घुमतंय. बारा तारखेची पट्टी ओलांडली, घुमतंयच. आणखी एक पाऊल टाकलं...

काही नाही.

नुसतं कमी नाही, काहीच नाही. कानात बोळे कोंबल्यासारखं. माझा श्वास मला ऐकू आला. मी एक पाऊल मागे आलो, तर सूर परत छातीत.

"आजचा इथे आहे," मी म्हटलं. खुर्ची तिथून दोन पावलांवर होती.

मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो की आवाज डोळ्यांनी बघता येतो. लाकडावर बारीक पूड पसरा, बेस लावा, पूड नाचते. जिथे लाट नाही तिथे पूड स्वस्थ. म्हटलं, खड्ड्याचा आकार बघू, कारण कळेल. खाली गेलो. शिंपी जेवण उरकून रेडिओ ऐकत होता. त्याच्याकडून खडूच्या पुडीची पिशवी मागून आणली. त्यानं विचारलं, "कपडा किती लांब आहे?" मी म्हटलं, "खोलीएवढा." तो हसला. तेव्हा आम्ही दोघंही हसलो.

वर येऊन दाराला कडी घातली. चाळणीनं पूड पसरत गेलो, दारापासून पार खुर्चीखाली, मागच्या भिंतीपर्यंत. मग खुर्चीशेजारच्या स्टुलावर बसलो, पाय वर घेतले. भिंतीवर घड्याळ होतं. नऊ वाजून वीस मिनिटं.

"लाव."

पूड थरथरली. मग उडायला लागली. बघता बघता फळ्यांवर तिच्या बारीक वळ्या झाल्या. सुंदर दिसत होतं. खोटं कशाला बोलू, टिंगी थोडी हसलीसुद्धा.

मग तिचं हसू गेलं.

दोन जागा स्वस्थ होत्या. बाकी सगळी पूड नाचत होती. त्या दोनच जागी ती जशी पसरली तशी होती. लांबट. पुढे रुंद, मागे गोल. आणि पुढच्या टोकाला पाच-पाच ठिपके.

तळवे होते ते.

मोठ्या पुरुषाचे. बोटं आमच्याकडे.

सूर बदलला की खड्डा सरकतो, हे मलाही ठाऊक आहे. पण खड्ड्याला बोटं नसतात रे... आणि माझ्या मनात आलं, मघाशी मी कुठे उभा राहिलो होतो?

"बंद कर," मी म्हटलं.

तिचा हात बटणावर गेला. तिथेच थांबला.

"नको, मामा."

"अगं बंद कर!"

"बंद केलं तर तो कुठे आहे ते कळणार नाही."

खरं होतं. सूर होता म्हणून तो दिसत होता.

आम्ही बसलो. घुमत होतं. काच थरथरत होती.

डाव्या तळव्याची पूड नाचायला लागली.

मला आधी कळलं नाही. वाटलं, गेला. मग कळलं... पाय उचललाय.

आमच्या बाजूला, एक पाऊल पुढे, नाचणारी पूड बसली. हळूच. आधी टाच. मग चवडा. मग बोटं.

मी टिंगीचं मनगट धरलं. आणि मग तिनं जे केलं, ते मला अजून कळलेलं नाही. माणूस घाबरला की सवयीचं बोलतो, तसं असेल. तिचा दवाखान्यातला आवाज आला. शांत.

"ऐकू येत असेल... तर बोट वर करा."

काही नाही.

काही नाही...

मग पुढच्या पायाच्या अंगठ्याखालची पूड नाचली. तेवढीच. एका नाण्याएवढी.

"ऐकू येतंय त्याला," ती पुटपुटली.

मी तिचं मनगट सोडलं.

तिनं डोळे तिथेच ठेवले. हातानं मात्र काम सुरू केलं. सूर किंचित खाली नेला. पस्तीस. मागचा पाय उठला, पुढच्या पायाशी येऊन टेकला. आता पाऊलभर अंतर उरलं होतं. तिनं लगेच सूर वर नेला. छत्तीस. सदतीस. अडतीस.

तळवे थांबले.

"खालचा हवाय त्याला," ती म्हणाली. "वरचा नकोय."

एकोणचाळीस. चाळीस. ती इतकं सावकाश करत होती, जसं तान्ह्या बाळाचा कान तपासतात. एक तळवा नाचला. मागे टेकला. मग दुसरा. एकेचाळीस. अजून एक पाऊल मागे. पाठ फिरवली नव्हती त्यानं. बोटं आमच्याकडेच. बेचाळीस. दाराशी आला. चव्वेचाळीस...

दाराशी पूड सलग नाचायला लागली. कडी तशीच होती.

आणि बाहेर जिन्याची फळी वाजली.

मग त्याखालची.

मग त्याखालची.

आम्ही तसेच बसून राहिलो. दहाला पाच कमी असताना तिनं आवाज बंद केला. लॅपटॉप तिथेच, दिवा तसाच चालू. माझी बाही धरून ती जिना उतरली. अठरा पायऱ्या. प्रत्येक पायरीवर मी आधी पाय चाचपडत होतो, तिथे आणखी कुणाचा आहे का म्हणून.

खाली शिंपी दार उघडून उभा होता.

"मघाशी कोण उतरलं?"

"तुम्हाला कुणी दिसलं?" मी विचारलं.

"नाही ना. जिना वाजला म्हणून आलो, तर कुणीच नाही. माणूस जड होता पण."

टिंगी त्या रात्री आईकडे गेली ती कायमची. बहिणीनं तिचं अंथरूण आपल्या शेजारी घातलं. चार दिवस पोरीनं लॅपटॉपला हात लावला नाही. पाचव्या दिवशी लावला, हेडफोन घालून, भर दुपारी. बावीस तारखेला ती हॉलमध्ये उभी राहिली. मी मागे बसलो होतो. नाचली माणसं, मनापासून नाचली. मास्तरनं नंतर रेकॉर्डिंग ऐकलं, त्याला मात्र पटलं नाही. म्हणाला, "सगळं आहे, पण तळ नाही. बेचाळीसच्या खाली तू उतरतच नाहीस. का?"

ती म्हणाली, "सर, खाली कुणीतरी ऐकत असतं."

त्याला वाटलं, गंमत करतेय.

आता उठू नका. एवढंच ऐका. हे मी तिला सांगितलेलं नाही, आणि तुमच्यापैकी कुणी सांगितलंत तर माझ्याशी गाठ आहे.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सात वाजता, मी एकटा तिथे गेलो. तिचं सामान आणायला. चांगलं लख्ख ऊन आलं होतं. पूड रात्रीसारखीच पडलेली, वळ्यावळ्यांची. मधून रात्री बाहेर पडताना उमटलेली आम्हा दोघांची पावलं. दारापर्यंत. ते मी धरूनच चाललो होतो. केरसुणी घेतली, पाठ फिरवून झाडत सुटलो. दारापासून झाडत खुर्चीपर्यंत आलो. खुर्ची पुढे ओढली.

खुर्चीमागे आणि भिंतीमध्ये हातभर जागा होती. तिथेही पूड नाचली होती, वळ्या होत्या. आणि त्या वळ्यांमध्ये दोन सपाट ठसे होते.

लहान. माझ्या तळहातात मावतील एवढे.

भिंतीकडून आलेले नव्हते. कुठे गेलेलेही नव्हते. आजूबाजूला एकही दुसरा ठसा नाही. आम्ही समोर बघत होतो, तो सगळा वेळ... ते तिथेच होते.

मी खाली बसलो. नीट पाहिलं. टाचा नव्हत्या. नुसते चवडे आणि दहा बोटं, फळीत रुतल्यासारखी. टाचा उचलून कुणीतरी उभं होतं. खुर्चीच्या पाठीवरून, माझ्या भाचीच्या खांद्यावरून, ती काय करतेय ते बघायला.