क्षमाची गाडी चढेना

"चाकं फिरून राहिली, पण गाडी जागची हलत नाही," संग्राम जमिनीवर आडवा होऊन म्हणाला.

क्षमाने बटण बंद करून पुन्हा दाबलं. तेच. ठोकळ्यांच्या आगगाडीला मोटर बसवायला ती आणि शेजारची संग्राम-स्वरदा ही भावंडं सुट्टी लागल्यापासून खपत होती. काल गाडी पुस्तकांवर रचलेला चढ सहज चढली. पण ते बाबांनी कुठे पाहिलं होतं? बाबा मालगाडी चालवायचे. आज चहापुरते घरी येऊन ते पुन्हा ड्यूटीवर जाणार होते.

"सेल उतरले असतील," स्वरदा म्हणाली.

"मग मोटर इतकी जोरात कशी फिरते?" क्षमाने रुळावर बोट ठेवलं. ते सर्रकन घसरलं. तिने बोट हुंगलं, तर शिलाई मशीनच्या तेलाचा वास!

तिघांचा संशय एकाच माणसावर गेला. बाबांचे मोठे भाऊ दिवाकरकाका रोज दुपारी तेलाची बाटली घेऊन घरभर फिरायचे. दार म्हणू नका, कूलर म्हणू नका, काही सुटायचं नाही. आणि विचारलं की म्हणायचे, "मी कायले हात लावू?"

"विचारायचंच नाही. पकडायचं," क्षमा म्हणाली.

संग्रामने घरून आपली गंजकी सायकल आणली आणि काकांच्या खिडकीखाली हळूहळू फिरवली. कुईऽऽ, कुईऽऽ. दुसऱ्या फेरीलाच काका बाटली घेऊन बाहेर आले.

"काहून रे पोट्ट्या, तेल नाही देत सायकलले?"

"देतो ना. क्षमाच्या रुळांना याच बाटलीतलं दिलं का, काका?"

"हव. लय खडखड करे. आता कशी मक्खन चालत असंन!"

"चालतच नाही," क्षमाला रडू फुटलं. "चाकांनी रूळ धरला, तरच गाडी पुढे जाते. तुमच्या तेलाने चाकं जागीच फिरतात. आणि बाबा आता येतील."

काकांचा चेहरा उतरला. मग तेच भांडी घासायचा साबण घेऊन मोरीत बसले. रूळ धुतले, पुसले. मुलांनी चाकांची रबरं स्वच्छ केली.

बाबा आले तेव्हा चहा तयार होता. क्षमाने बटण दाबलं. गाडी चढाला लागली, मध्यावर किंचित अडखळली आणि वर पोचली.

सगळी हकिगत ऐकून बाबा म्हणाले, "आमचं इंजिन घसरलं तर आम्ही रुळावर वाळू सोडतो. तुम्ही तर घसरण्याचं कारणच शोधलं. शाबास, पोट्टेहो."

काकांनी बाटली क्षमाच्या हाती दिली.

"आणखी एकदा चढव," बाबा जमिनीवर बसत म्हणाले. त्यांचा चहा टेबलावर तसाच निवून गेला.